चित्रकार वासुदेव गायतोंडे

गेल्या वर्षीच्या लांब सुट्टीत मी न्यूझीलंडला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. ती लोअर हट या गावी राहते. वेलिंग्टन शहराच्या बंदराला लागूनच हे गाव आहे. मधून हट नदी वाहते, दोन्ही बाजूंना डोंगर आहेत आणि शनिवारी नदीकाठी भाजीचा बाजार भरतो. एका शनिवारी बाजार करून परत येताना मी व माझा बारा वर्षांचा भाचा एका चित्रांच्या दुकानात शिरलो. तेथे भिंतीवर एक मोठे चित्र विक्रीस लावलेले होते. करड्या रंगावर काळे आणि तपकिरी आकार, एवढेच. ना माणूस, ना झाड, ना घर. खाली चिठ्ठी होती की चित्रकार जर्मन असून चित्र महायुद्धानंतरच्या काळातले आहे. किंमत वाचून मी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

भाच्याने विचारले की मामा, यात काय काढले आहे? मी शिक्षक. वर्गात प्रश्न आला की उत्तर द्यायचेच, ही आमची जुनी खोड. मी ठोकून दिले की हे पावसाळी ढग आहेत. मुलाने एकदा चित्राकडे व एकदा माझ्याकडे पाहिले आणि तो गप्प बसला. त्याचा विश्वास बसला नाही हे मला कळले, आणि खरे सांगायचे तर माझाही बसला नव्हता. त्या रात्री मी या विषयावर वाचायला बसलो. सुरुवात जर्मनीपासून केली आणि पोहोचलो मुंबईच्या गिरगावात, एका मराठी चित्रकाराच्या दाराशी. त्यांचे नाव वासुदेव संतू गायतोंडे. आज त्यांचीच जीवनकथा आपणांस सांगायची आहे.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. आईवडील मूळचे गोव्याचे. आपले पूर्वज ज्या कोकणच्या किनाऱ्यावरून या बेटावर आले, त्याच किनाऱ्याचा तो दक्षिणेकडचा भाग. बालपणाची काही वर्षे वासुदेव गोव्यात राहिले. मग कुटुंब मुंबईला गिरगावात चाळीत राहू लागले. चाळ म्हणजे काय हे आपल्या मुलांना सांगावे लागते. लांबच लांब गॅलरी, एका ओळीत छोट्या खोल्या आणि सगळ्यांचे सगळे सगळ्यांना ऐकू येणार, असे ते घर. पुढे आयुष्यभर ज्याने शांततेची चित्रे रंगवली, तो माणूस अशा गजबजाटात वाढला.

मुलाने चित्रकार व्हावे हे वडिलांना पसंत नव्हते. मध्यमवर्गीय घरात ही गोष्ट नवी नाही. मुलाने नोकरी धरावी, घराला हातभार लावावा अशीच अपेक्षा असते. आपल्याकडेही चित्रकलेचा तास म्हणजे विश्रांतीचा तास समजणारे पालक मी पाहिले आहेत. परंतु वासुदेव हटला नाही. तो मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत दाखल झाला आणि १९४८ साली तेथील पदविका घेऊन बाहेर पडला. घरच्या मंडळींपासून मात्र तो हळूहळू दुरावत गेला, आणि तो दुरावा पुढे कधी भरून निघाला नाही. त्यांनी लग्नही केले नाही.

शाळेत जगन्नाथ अहिवासी व शंकर पळशीकर यांच्यासारखे शिक्षक होते. तेथे गायतोंडे यांनी जुन्या जैन पोथ्यांतील आणि पहाडी शैलीतील लघुचित्रांचा अभ्यास केला. सुरुवातीला ते माणसेच रंगवत. पण लघुचित्रांतून त्यांनी गोष्ट घेतली नाही, रंग घेतला. मग पॉल क्ले या चित्रकाराची चित्रे त्यांच्या पाहण्यात आली आणि त्यांची रेषा बदलू लागली.

येथे जर्मनीची गोष्ट थोडी सांगितली पाहिजे. क्ले यांचा जन्म स्वित्झर्लंडचा, पण ते जर्मन नागरिक होते व जर्मनीत शिकवत. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्यांची नोकरी गेली. १९३७ साली नाझी सरकारने म्युनिक येथे मुद्दाम एक प्रदर्शन भरवले व त्यात अशा नव्या चित्रांची टिंगल केली. ही चित्रे भ्रष्ट आहेत, असे लोकांना शिकवण्यात आले. विली बाउमाइस्टर नावाच्या चित्रकाराला प्राध्यापकपद गमवावे लागले आणि त्याने रंगांच्या कारखान्यात काम करून दिवस काढले. फ्रिट्झ विंटर हा युद्धात सैनिक होता, तो रशियाच्या कैदेतून १९४९ साली सुटला. युद्ध संपल्यावर या मंडळींना पुन्हा कुंचला हाती धरता आला. त्याच वर्षी म्युनिकमध्ये त्यांनी एक गट स्थापन केला. आधी त्याचे नाव वस्तुविरहित चित्रकारांचा गट असे होते, नंतर त्याला झेन ४९ म्हणू लागले. झेन हा जपानी बौद्धांचा ध्यानमार्ग. ज्या चित्रांवर सरकारने बंदी घातली होती, तीच चित्रे आता मोकळेपणाची खूण झाली. लोअर हटमधले ते करडे चित्र याच काळातले होते. माझे ढग किती चुकीचे होते ते आता वाचकांच्या लक्षात येईल.

हिटलरच्या छळाने जर्मनी व ऑस्ट्रिया सोडून आलेली काही माणसे मुंबईतही पोहोचली होती. रुडॉल्फ फॉन लायडन हे टाइम्स ऑफ इंडियात चित्रांवर लिहीत. वॉल्टर लँगहॅमर हे त्याच वृत्तपत्रात कलाविभागाचे प्रमुख होते. इमॅन्युएल श्लेसिंगर हे औषधांच्या व्यवसायात होते आणि चित्रे विकत घेत. १९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे या सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हा याच परदेशी माणसांनी त्यांना आधार दिला. युरोपातील नव्या चित्रांचे ज्ञान त्यांच्याकडून या तरुणांना मिळाले. १९५० साली गायतोंडे यांनाही त्या गटात घेण्यात आले. हिटलरने ज्यांना हाकलले, त्यांनी मुंबईच्या मुलांना हात दिला. इतिहासात असेही घडते.

मित्रमंडळी त्यांना आडनाव तोडून गाय म्हणत. मात्र स्वभाव गायीसारखा गरीब नव्हता. ते कमी बोलत आणि बोलले तर तोंडावर बोलत. १९५७ साली टोकियो येथे तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. त्या काळी मुंबईच्या वॉर्डन रोडवर समुद्रकाठी भुलाभाई देसाई संस्था होती. तेथे हुसेन रंगवत, अल्काझी नाटके बसवत, रविशंकर यांचे संगीताचे वर्ग चालत. गायतोंडे यांनाही तेथे काम करायला जागा मिळाली. पुढे चित्रकार म्हणून नाव मिळवलेल्या प्रफुल्ला डहाणूकर तेथेच त्यांच्या सहवासात शिकल्या. गायतोंडे तासन्‌तास समुद्राकडे पाहत बसत. बघणाऱ्याला वाटे की माणूस रिकामा बसला आहे.

याच वर्षांत त्यांच्या चित्रांतून माणूस, पक्षी, घर सगळे निघून गेले. या चित्रांना लोक अमूर्त म्हणतात, पण गायतोंडे यांना तो शब्द आवडत नसे. आपले चित्र हे कोणत्याही वस्तूवरून काढून घेतलेले नाही, ते वस्तुविरहितच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्युनिकच्या त्या चित्रकारांनी पहिल्यांदा आपल्या गटाला हेच नाव दिले होते, आणि झेनचे आकर्षण गायतोंडे यांनाही होते. दोन्हीकडचे कलावंत एकमेकांना भेटले होते असे मुळीच नाही. तरी हे साम्य मला फार नवलाचे वाटले.

१९६३ साली मॉरिस ग्रेव्ह्‌ज नावाचे अमेरिकन चित्रकार मुंबईत आले होते. त्यांना गायतोंडे यांची चित्रे इतकी आवडली की त्यांनी न्यूयॉर्कच्या कलादालनाला त्याविषयी पत्र लिहिले. पुढच्याच वर्षी रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळून गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. परत आल्यावर त्यांची पद्धत पक्की झाली. कुंचल्याऐवजी ते रोलर आणि रंगाची सुरी वापरत. रंगाचा एक पातळ थर द्यायचा, तो थोडा वाळू द्यायचा, सुरीने खरवडायचा, त्यावर दुसरा थर. कधी वर्तमानपत्राचे वा मासिकाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, म्हणजे त्यांचा ठसा उरतो. खालचे थर वरच्या थरांतून हळूच दिसत राहतात. म्हणून त्यांचे चित्र छापील पानावर पाहिले तर सपाट दिसते आणि समोर उभे राहिले तर खोल दिसते, असे जाणकार सांगतात. वर्षाला पाच-सहा चित्रे, त्याहून जास्त नाही. बाकीचा वेळ विचार करण्यात. चित्रांना नावेही देत नसत.

१९७१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९७२ साली ते मुंबई सोडून दिल्लीला गेले व निजामुद्दीन भागात गच्चीवरच्या लहानशा घरात राहू लागले. मुंबईच्या खेतवाडीत राहणारे निसर्गदत्त महाराज यांची शिकवण त्यांना जवळची होती. महाराज विडीचे दुकान चालवत आणि माडीवर बसून येणाऱ्या लोकांशी मराठीत बोलत. रमण महर्षींविषयीही गायतोंडे यांना आदर होता. पण त्यांची चित्रे धार्मिक आहेत असे समजू नये. त्यांत ना ॐ आहे, ना देव.

नंतर आला १९८४ चा अपघात. दिल्लीच्या रस्त्यावर ऑटोरिक्षाच्या अपघातात त्यांना जबर दुखापत झाली. शरीर वाकले आणि मोठ्या कॅनव्हासपुढे उभे राहून रोलर फिरवणे अशक्य झाले. ज्याचे सारे जगणे वर्षाला पाच-सहा चित्रांत होते, त्याच्याकडून तीही गेली. काही वर्षे त्यांनी कागदावर शाईने छोटी रेखाटने केली. कोणी विचारले तर आपण मनात चित्रे काढतच आहोत असे ते सांगत. सहानुभूती मात्र त्यांना नको होती. १९८९ साली मध्य प्रदेश सरकारचा कालिदास सन्मान मिळाला. पुढे अंगात थोडी शक्ती आली तेव्हा त्यांनी पुन्हा तैलरंग हाती घेतले आणि १९९० नंतरच्या वर्षांत आणखी काही कॅनव्हास पुरे केले. १० ऑगस्ट २००१ रोजी दिल्लीजवळ गुडगाव येथे त्यांचे निधन झाले. फारसा गाजावाजा झाला नाही.

गाजावाजा झाला तो बारा वर्षांनी. १९ डिसेंबर २०१३ रोजी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात क्रिस्टीज या लिलाव कंपनीने भारतातला आपला पहिला लिलाव केला. त्यात गायतोंडे यांचे १९७९ सालचे चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. आपल्या मुलांना कोटी कळत नाही, म्हणून सांगतो की एक कोटी म्हणजे दहा मिलियन. भारतात विकल्या गेलेल्या चित्राला तोवर एवढी किंमत मिळाली नव्हती. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. २०१५ च्या डिसेंबरात मुंबईतच त्यांचे १९९५ सालचे, म्हणजे अपघातानंतरचे, चित्र २९ कोटी ३० लाखांना विकले गेले. २०२५ च्या सप्टेंबरात सॅफ्रनआर्टच्या लिलावात १९७० सालच्या चित्राला ६७ कोटी ८ लाख रुपये मिळाले.

हे आकडे वाचून मला आधी अभिमान वाटला, मग अस्वस्थ वाटले. या पैशांतला एकही रुपया त्या गच्चीवरच्या घरात पोहोचला नाही. चित्रकार पहिल्यांदा विकतो तेव्हाच त्याला काय मिळेल ते मिळते. पुढची खरेदी-विक्री दुसऱ्यांची. न्यूझीलंडमध्ये आता यावर कायदा आहे. १ डिसेंबर २०२४ पासून तेथे एखादे चित्र व्यापाऱ्यामार्फत वा लिलावात पुन्हा विकले गेले, की ठरावीक रकमेपुढे किमतीचे पाच टक्के पात्र कलावंताला किंवा त्याच्या वारसांना द्यावे लागतात. भारताच्या कॉपीराइट कायद्यातही पुनर्विक्रीच्या हिश्शाचे कलम आहे. पण ज्या माणसाने घरदार सोडले, लग्न केले नाही आणि महिनोन्‌महिने एका चित्रापुढे बसून काढले, त्याला पाच टक्क्यांनी काय दिले असते? कदाचित बरा डॉक्टर. कदाचित काहीच नाही. चित्रे वाढवून पैसा करणे त्यांना शक्य होते, तेव्हाही त्यांनी ते केले नाही. वडिलांची काळजी मला समजते, मीही बाप आहे. तरी वर्गातल्या एखाद्या गप्प मुलाची चित्रवही मी आता घाईने मिटत नाही.

पुढच्या शनिवारी भाच्याला घेऊन मी त्या दुकानात पुन्हा गेलो. चित्र अजून भिंतीवर होते. मी ढगांची गोष्ट मागे घेतली आणि सांगितले की मामाला ठाऊक नाही, तू नुसते बघ. तो बराच वेळ उभा राहिला. बाहेर आल्यावर त्याने विचारले की तपकिरी रंग आधी लावला असेल की काळा. मला वाटते तपकिरी आधी. त्याचे मत उलट आहे, आणि परवाच्या फोनवरही तो त्यावर ठाम होता.