कँडीसाहेबांचे स्वल्पविराम



रऊबेन म्हणाला शिमोन आळशी आहे, असे कोणी लिहिले तर आळशी कोण? अर्थात शिमोन. पण रऊबेनच्या पुढे एक आणि शिमोनच्या पुढे एक असे दोन स्वल्पविराम द्या, की आळस शिमोनला सोडून रऊबेनला चिकटतो! ही चिन्हे मराठीत नियमाने रुजविण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला दिले जाते. त्यांची ओळख या वेळी करून देत आहोत.

कँडीसाहेबांचा जन्म १८०४ साली इंग्लंडात झाला. ऑक्सफर्ड येथे शिक्षण झाल्यावर १८२२ साली ते लष्करी नोकरीसाठी हिंदुस्थानात आले आणि मराठीच्या अभ्यासात रमले. मोल्सवर्थसाहेबांचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्या कामात थॉमस आणि त्यांचे जुळे बंधू जॉर्ज या दोघांचा हात होता. मोल्सवर्थसाहेबांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीसाहेबांनी पुरा करून १८४७ साली प्रसिद्ध केला. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा कारभारही त्यांनी पाहिला. पुढे सरकारी शालेय पुस्तके आणि भाषांतरे तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले.

त्या काळी मोडी कागदांत शब्द एकमेकांना जोडून लिहीत. कोठे थांबावे हे वाचणाऱ्याने जाणावे. पोथ्यांत फार तर दंड असे. आपल्याला हे नवलाचे वाटू नये. सेफेर तोरात तरी कोठे चिन्हे असतात? वाक्य कोठे तोडायचे हे हझानला पाठ असावे लागते आणि त्यासाठी एतनाख्ता वगैरे खुणा असलेल्या छापील पुस्तकावरून तयारी करावी लागते. पण शाळेतल्या पोराने छापील धडा एकट्याने वाचायचा, तर खुणा हव्यात, हे कँडीसाहेबांनी ओळखले. १८५० साली त्यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटे पुस्तक काढले.

मग वाद उभा राहिला, आणि तो केवळ चिन्हांचा नव्हता. मराठी कशी लिहावी हे परक्या साहेबाने का ठरवावे? सरकारी पुस्तकांतली मराठी इंग्रजी वळणाची झाली आहे, अशी तक्रार वाढत गेली. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि या परक्या वळणावर कडक टीका केली. आम्हांला ही टीका रास्त वाटते. भाषा ज्यांची, तिच्या चालीबद्दल त्यांचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे.

परंतु गंमत अशी की, खुद्द निबंधमालेतली लांबलचक वाक्ये याच स्वल्पविरामांच्या आणि अर्धविरामांच्या आधाराने चालतात. शास्त्रीबुवांनी साहेबाचे वळण नाकारले, पण खुणा ठेवून घेतल्या. हिंदीने वाक्याच्या शेवटी दंड राखला, मराठीने टिंब घेतले, आणि आज ते परके आहे असे कोणाला वाटत नाही.

कँडीसाहेब २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे वारले. हिंदुस्थानात आल्यापासून पंचावन्न वर्षे होत आली होती.

पुढे शुद्धलेखनाचे नियम ठरविण्याचे काम मराठी माणसांकडे आले. मराठी साहित्य महामंडळाच्या चौदा नियमांना महाराष्ट्र सरकारने १९६२ साली मान्यता दिली. येथे इस्राएलमध्ये हिब्रूसाठी १९५३ साली कायद्याने अकादमी स्थापन झाली. तरी ऱ्हस्व-दीर्घावरून मराठीत आणि नव्या शब्दांवरून हिब्रूत भांडणे चालूच असतात. अकादमीने सुचविलेला एखादा शब्द बाजारात कोणी उच्चारीत नाही, हे आपण पाहतोच.

नियम कोणीही करो, तो टिकविणारे लिहिणारे-वाचणारेच असतात. तेव्हा घरी मराठी पत्र लिहाल तेव्हा स्वल्पविराम जपून द्यावा. बिचाऱ्या रऊबेनला उगाच आळशी ठरवू नये!