येल्लाप्रगड सुब्बाराव : सोनेरी औषधामागचा माणूस

१९४८ सालच्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क अकादमी ऑफ सायन्सेसच्या सभेत एका नव्या औषधाची माहिती वैद्यकीय जगापुढे ठेवण्यात आली. औषधाचे नाव ऑरिओमायसिन. मिसूरी विद्यापीठाच्या शेतातील मातीत सापडलेल्या, सोनेरी पिवळ्या रंगाच्या एका सूक्ष्मजीवापासून ते मिळाले होते, म्हणून नावातही सोने आले. शोधाचे श्रेय सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डग्गर यांना मिळाले आणि ते उचितच होते. परंतु विद्यापीठातून निवृत्त झालेल्या डग्गर यांना ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत पुन्हा काम मिळाले, तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव. या सभेनंतर महिनाही उलटला नाही तोच, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. आपल्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या औषधाचे जगाने पुढे काय केले, हे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ चा. घरची परिस्थिती बेताची. शाळेत त्यांचे मन रमले नाही. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. संन्यास घेण्याची ओढ होती, पण अखेर वाट मद्रास मेडिकल कॉलेजकडे वळली आणि त्या शिक्षणाच्या खर्चाचा मोठा भार सासऱ्यांनी उचलला. असहकाराच्या त्या काळात सुब्बाराव खादी वापरू लागले. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही आणि पूर्ण एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही दुय्यम पदवी त्यांच्या पदरी पडली. सरकारी वैद्यकीय सेवेचे दार बंद झाल्यावर त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवले.

त्याच सुमारास घरावर आघात झाला. दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने दगावले. आजार होता स्प्रू, म्हणजे संग्रहणीच्या जातीचा, आतडी निकामी करून रक्त आटवणारा विकार. सुब्बाराव यांना स्वतःलाही त्याने गाठले होते, ते वाचले. या रोगाला औषध का नाही, हा प्रश्न घेऊनच ते निघाले असे म्हटले तर ते फारसे चूक ठरू नये.

१९२२ च्या ऑक्टोबरमध्ये ते बोस्टनला पोहोचले. हाती पैसा नव्हता. हार्वर्डमध्ये उष्णकटिबंधीय रोगांचा अभ्यास करीत असताना पोटासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे केली. पत्नी शेषगिरी मागे राहिल्या होत्या. पती गेल्यानंतर जन्मलेला मुलगा बालवयातच गेला. पुढे सव्वीस वर्षे पती-पत्नींची भेट झाली नाही. दोन-तीन वर्षांत परत जायचे म्हणून निघालेल्या माणसाचे परतणे एकेका कामापायी कसे लांबत जाते, हे परदेशी राहणाऱ्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र सुब्बाराव यांच्या बाबतीत ही किंमत मुख्यतः दुसऱ्या कोणी मोजली, हेही नमूद केले पाहिजे.

हार्वर्डमधील सतरा-अठरा वर्षांत त्यांच्या हातून जे झाले ते एका आयुष्याला पुरेसे होते. सायरस फिस्क यांच्यासह रक्तातील व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची रीत त्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केली. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती आजही दोघांच्या नावाने शिकवली जाते. त्यानंतर स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये पेशीचे ऊर्जाचलन म्हणता येईल असे ए.टी.पी. एवढे करूनही हार्वर्डने त्यांना कायमची नेमणूक दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे लेडर्लीत दाखल झाले. विद्यापीठातून औषध कंपनीत जाणे तेव्हा काहीसे उतरणीचे मानले जाई. सुब्बाराव यांना मात्र तेथे प्रथमच मोठी मंडळी, मोठा पैसा आणि मोठे प्रश्न एकत्र मिळाले.

१९४५ साली त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने बनवले. स्प्रूमधील रक्तक्षयावर ते गुणकारी ठरले. भावांच्या मृत्यूनंतर जवळजवळ पाव शतकाने. त्याच फॉलिक आम्लाचा विरोधी रेणू अमिनोप्टेरिन, बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिला आणि कर्करोगावरील औषधोपचाराचे एक पर्व सुरू झाले. हत्तीरोगावरील हेट्राझान हेही याच प्रयोगशाळेचे. विदर्भात हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघरी वाटल्या गेलेल्या डी.ई.सी.च्या गोळ्या म्हणजे तेच औषध.

प्रतिजैविकांच्या शोधामागचा त्यांचा विचार सरळ होता. पेनिसिलिन आले होते, स्ट्रेप्टोमायसिन आले होते. पण पहिले काही जातींच्या जिवाणूंवर चाले, दुसरे मुख्यतः इतर काही जातींवर आणि क्षयावर. टायफससारख्या रिकेट्सियाजन्य तापांवर त्यांचा उपयोग नव्हता. शिवाय दोन्ही प्रामुख्याने सुईने द्यावी लागत. जे यांच्या कक्षेबाहेर राहिले त्यांच्यासाठी औषध हवे, म्हणून जागोजागची माती मागवून हजारो नमुने तपासले गेले. त्यातून निघालेले ऑरिओमायसिन दोन्ही प्रकारच्या जिवाणूंवर चाले, रिकेट्सियांवर चाले आणि तोंडाने घेता येई. दवाखान्यापासून दूरच्या रोग्याला, ज्याच्या रक्ताची तपासणी होण्याची शक्यता नाही त्याला, याहून सोयीचे दुसरे काय असणार?

नेमक्या या सोयीतच पुढची सारी गुंतागुंत दडलेली होती. एकच गोळी अनेक जिवाणूंवर चालत असेल, तर कोणता जिवाणू आहे हे शोधण्याची निकड उरत नाही. किंबहुना जिवाणू आहे की विषाणू, हेही विचारले जात नाही. ताप आला, कॅप्सूल दिली. १९५३ च्या सुमारास लॉइड कोनोव्हर यांनी ऑरिओमायसिनमधील क्लोरीन काढून टेट्रासायक्लीन बनवले आणि ही सवय जगभर पसरली. मुलांसाठी गोड सरबते निघाली. सर्दी-खोकल्यालाही ती पाजली गेली, ज्यांना बहुधा विषाणू कारणीभूत असतात आणि ज्यांवर प्रतिजैविकांचा काही उपयोग नसतो. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दंतवैद्यांच्या लक्षात आले की या मुलांचे दात पिवळे, करडे, तपकिरी होऊन येत आहेत. औषध कॅल्शियमला चिकटून वाढत्या दातांत कायमचे बसत होते. आठ वर्षांखालील मुलांना टेट्रासायक्लीन टाळावे, हा नियम त्यातूनच आला. प्रौढांना निर्धोक असलेली गोष्ट मुलांना तशीच असेल, हे गृहीत धरल्याचा दाखला कित्येकांच्या तोंडात जन्मभर राहिला.

दुसरा फाटा तर प्रयोगशाळेच्या अंगणातच फुटला. सुब्बाराव यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच लेडर्लीतील थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड यांनी जीवनसत्त्वाच्या शोधात, ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरलेला चोथा कोंबडीच्या पिल्लांना खाऊ घातला. पिल्ले नेहमीपेक्षा वेगाने वाढली. जीवनसत्त्वाइतकेच हे उरल्यासुरल्या प्रतिजैविकाचेही काम होते. १९५१ पासून अमेरिकेत पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास मुभा मिळाली. थोड्या मात्रेत, रोज, निरोगी प्राण्यांना: प्रतिरोधी जिवाणू तयार करण्यासाठी याहून चांगली पाककृती शोधून सापडली नसती. वाढीसाठीचा हा वापर युरोपीय संघाने २००६ मध्ये पूर्णपणे थांबवला. वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाच्या औषधांपुरता तो अमेरिकेने २०१७ मध्ये. आजही जगभर जनावरांसाठी सर्वाधिक विकला जाणारा प्रतिजैविकांचा वर्ग टेट्रासायक्लीनचाच आहे.

माणसांचा हिशेबही चढताच राहिला. २००० ते २०१५ या काळात ७६ देशांतील प्रतिजैविकांचा एकूण खप ६५ टक्क्यांनी वाढला आणि वाढीचा मुख्य भाग अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होता. २०१० साली एकूण खपात भारत जगात पहिला होता. मात्र दरडोई वापर अमेरिकेच्या निम्म्याच्या आसपास. भारताला दोष देताना हा दुसरा आकडा सहसा विसरला जातो. एकाच देशात कोणाला चिठ्ठीविना तीन दिवसांचा अर्धवट डोस मिळतो आणि न्यूमोनियाने कण्हणाऱ्या कोणा बालकापर्यंत साधे अमॉक्सिसिलिनही पोहोचत नाही, हे दोन्ही खरे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट पाडले: सहज वापरायची, जपून वापरायची आणि अखेरच्या उपायासाठी राखून ठेवायची. टेट्रासायक्लीन आणि त्याचे भावंड डॉक्सिसायक्लीन पहिल्या गटात आहेत. इतक्या गैरवापरानंतरही, योग्य रोग्याला ती अजून उपयोगी पडतात.

सुब्बाराव अखेरपर्यंत अमेरिकेचे नागरिक झाले नाहीत. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना तो मार्ग खुला झाला होता, तरीही नाही. नोबेल मिळाले नाही, कीर्तीही फारशी नाही. ज्यांना ती मिळाली त्यांच्याविषयी त्यांनी असूया बाळगल्याचे दिसत नाही.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यात ग्रंथिज्वराचे, म्हणजे प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. लाखो लोकांनी सुरत सोडली. अनेकजण रेल्वेने मुंबईकडे आले. प्लेगवर टेट्रासायक्लीन चालते, हे खरेच होते. पण रुग्णांच्या आणि त्यांच्या सहवासातील लोकांच्या वाट्याची कॅप्सुले धडधाकट माणसांनी पाकिटे भरभरून नेली आणि औषधांच्या दुकानांतील फळ्या रिकाम्या पडल्या. पुढच्या वर्षी भारतीय टपाल खात्याने सुब्बाराव यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले.