देणं फिटतं ते चौघांच्या हातानं : तुकोबारायांचं चरित्र

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा मंडळी म्हणाली, महाराज, तुम्ही तुकोबारायांवर लिहा. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. दिवसा रान आणि रात्री कीर्तन, एवढंच आम्हाला येतं. पण आज्ञा मोडवत नाही. तुकोबारायांचं सगळं चरित्र लिहायचं तर आमचा जन्म पुरायचा नाही. म्हणून आम्ही त्यातला एकच धागा धरतो, तो म्हंजे देण्याघेण्याचा. तुकोबाराय वैकुंठाला गेले हे लहान लेकरूबी सांगतं. पण त्याआधी ते कर्जात बुडाले होते, हे ऐकून घ्यायला आपल्याला जड जातं.

देहू गाव इंद्रायणीच्या काठी. घराणं मोरे आंबिले, जातीनं कुणबी, धंदा वाण्याचा. गावची महाजनकी घरात. पूर्वज विश्वंभरबाबांपासून पंढरीची वारी आणि घरचं विठ्ठलाचं देऊळ चालत आलेलं. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. तुकोबारायांचा जन्म बहुतेक जण शके 1530, म्हंजे सन 1608 चा मानतात. घरात दुकान, शेती, गुरंढोरं आणि सावकारी. लोकांकडं पैसा येणं होता, त्याची खतं घरात होती. म्हंजे तुकोबाराय जन्मले ते सावकाराच्या घरी, हे आधी ध्यानात ठेवा.

सावजींचं मन संसारात नव्हतं, म्हणून तेराव्या वर्षीच दुकानाचा भार तुकोबांवर आला. दोन लग्नं झाली होती. पहिल्या रखुमाबाईंना दम्याची व्यथा, दुसऱ्या जिजाबाई, त्यांनाच आपण आवली म्हणतो, त्या पुण्याच्या गुळव्यांची लेक. पुढं आईबाप गेले. थोरली भावजय गेली आणि सावजी तीर्थांना निघून गेले. एवढ्या घराला कर्ता उरला तो विशीच्या आतला पोरगा. उधारी वसूल होईना, भांडवल खचलं, घेणेकरी दारात उभे राहू लागले. महिपतीबुवा ताहराबादकरांनी सन 1774 मध्ये भक्तलीलामृत पुरं केलं, त्यात हे सगळं आलं आहे. सासुरवाडीच्या लोकांनी आणि सोयऱ्यांनी हात दिला, पुन्हा भांडवल उभं करून दिलं. तरी दुकान बसलंच. दिवाळं निघालं आणि गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

त्यातच सन 1630 च्या सुमाराचा मोठा दुष्काळ पडला. त्यात रखुमाबाई अन्न अन्न करत गेल्या. मुलगा संतोबा गेला. हे सगळं तुकोबारायांनी स्वतःच्या अभंगात सांगून ठेवलं आहे, काही लपवलं नाही. माणूस बुडाला की आधी बोलणं बंद करतो. ह्या माणसानं आपली नामुष्की टाळमृदंगावर म्हणता येईल अशी जगापुढं मांडली.

आता आवलीमातेची गोष्ट. कीर्तनात तिला कजाग म्हणून हसवतात, ते आम्हाला पटत नाही. नवरा बुडीत निघालेला, त्याला कोण उसनं देणार? तेव्हा तिनं स्वतःच्या नावानं खत लिहून दिलं आणि दोनशे रुपये उभे केले. तुकोबा त्या पैशाचा माल घेऊन बालेघाटाकडं गेले, विकला, दोनशेचे अडीचशे झाले. येताना वाटेत एक ब्राह्मण दिसला. त्याला देण्यापायी धरलेलं, सोडवायला कोणी नाही. तुकोबांनी जवळचे पैसे त्याच्या देण्यात भरले आणि मोकळ्या हातानं घरी आले. आवली किती रागावली असेल! तो राग खरा होता, कारण खतावर नाव तिचं होतं. ज्यानं स्वतः घेणेकऱ्याचा तगादा सोसला त्याला दुसऱ्याच्या गळ्यातला फास दिसला, हे तुकोबारायांचं मोठेपण. पण त्या मोठेपणाला भांडवल आवलीनं दिलं होतं. चरित्र सांगताना तिचा वाटा कापू नये, एवढंच आमचं म्हणणं.

पुढं तुकोबा भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. कान्होबांनी शोधून काढलं. दोघं भाऊ इंद्रायणीच्या काठी आले. तिथं घरातली खतं आणवली. लोकांकडं जे येणं होतं त्याचे हे कागद. तुकोबांनी सारखे दोन वाटे केले. कान्होबांना संसार करायचा होता, त्यांचा वाटा त्यांच्या हाती दिला. आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले. दुष्काळानं नागवलेल्या त्या कुळांची देणी तिथंच संपली.

इथं दोन गोष्टी बघा. एक, भावाच्या वाट्यावर त्यांनी पुण्य केलं नाही. दान करायचं ते आपल्या पदरचं. दुसरी, माफी केली ती घर भरलेलं असताना नाही, घरात दाणा नसताना. ते कागद वसूल केले असते तर चार दिवस सुखाचे गेले असते. पण कुळाच्या घरी काय चाललं असेल हे त्यांना स्वतःच्या घरावरून कळत होतं.

पुढं सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ गेला. सन 1875 च्या मे महिन्यात त्याच पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकरी उठले आणि सावकारांच्या घरातली खतं काढून जाळली. कागद तेच. पण एका ठिकाणी सावकारानं आपण होऊन पाण्यात सोडले, दुसऱ्या ठिकाणी कुळांना आगीत घालावे लागले. पहिलं होत नाही तिथं कधीतरी दुसरं होतं.

आता आपल्या औंढ्याकडं येतो. नागनाथाच्या ह्या गावी नामदेवरायांना विसोबा खेचर गुरू भेटले, आणि नर्सी तर आपल्याच जिल्ह्यात. नामदेवरायांनी शतकोटी अभंगांचा पण केला होता, तो पुरा झाला नाही. मग ते पांडुरंगाला घेऊन तुकोबांच्या स्वप्नात आले आणि उरलेली संख्या तू पुरी कर म्हणाले. तुकोबांनी ते अंगावर घेतलं. म्हंजे नामदेवरायांचं राहिलेलं देणं, तीनशे वर्षांनी, नात्यागोत्याच्या नसलेल्या दुसऱ्या संतानं फेडलं. एवढ्या मोठ्या संताचं देणं एकट्यानं फिटलं नाही, तर सोयाबीन आणि हळदीच्या भावावर जगणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्याला लाज कशाची?

आम्ही पाहतो, कर्ज झालेला माळकरी पहिली वारी चुकवतो. वाटेत घेणेकरी भेटेल, दिंडीत कोणी विचारील, म्हणून घरी बसतो. एकटा बसला की वाईट विचार मनात येतात, आणि आपल्या मराठवाड्यानं त्यापायी किती कर्ती माणसं गमावली. आपल्याच दिंडीत एका टाळकऱ्यावर मागं असा प्रसंग आला होता. दोघं जण त्याच्या घरी गेले, सगळं देणं कागदावर मांडलं, कोणाचं किती, व्याज काय. बँकेचं वेगळं, खासगी वेगळं. एकानं बियाणं दिलं, एकानं औत दिलं, एक जण घेणेकऱ्याकडं जाऊन बसला आणि हप्ते पाडून घेतले. तीन सुगीत देणं फिटलं. कोणी फार मोठं काही केलं नाही, ज्यानं त्यानं जमेल तेवढं उचललं. आणि बिगरपरवाना सावकार छळत असंल तर सन 2014 चा कायदा आहे, तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं अर्ज देता येतो. तिथं जायलाही सोबत लागते, ती आपण द्यावी.

शके 1571 च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबाराय वैकुंठाला गेले. धाकटे पुत्र नारायणमहाराज तेव्हा आईच्या पोटात होते. त्यांनीच पुढं सन 1685 मध्ये पादुका पालखीत घालून पंढरीची वाट धरली, आणि तोच सोहळा आज चालला आहे. संतांचं देणं आपल्या प्रत्येकाच्या डोक्यावर आहे, आणि ते पैशानं फिटणारं नाही. दिंडीच्या दुसऱ्या शंभरीत एवढं करावं : नेहमीचा माणूस दिसला नाही तर तो का आला नाही हे त्याच्या घरी जाऊन विचारावं. त्याच्या अंगणात चौघं जाऊन बसले तर निम्मं ओझं तिथंच उतरतं.

रामकृष्ण हरी.