विल्यम लॅम्बटन

विल्यम लॅम्बटन (जन्म: १७५३ ते १७५६ च्या दरम्यान, यॉर्कशायर, इंग्लंड, मृत्यू: २० जानेवारी १८२३, हिंगणघाट, वर्धा जिल्हा, महाराष्ट्र) हे ब्रिटिश लष्करी अधिकारी व भूमापक होते. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया त्यांनी घातला. जगातील सर्वोच्च शिखराची उंची ज्या मोजणीतून पुढे निश्चित झाली, तिचा आरंभ त्यांनी मद्रासजवळच्या मैदानात केला. त्यांचे सहायक व उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव शिखराला मिळाल्याने लॅम्बटन यांचे कार्य सामान्य वाचकांना फारसे परिचित राहिले नाही.

== प्रारंभीचे जीवन ==
लॅम्बटन यांचा जन्म उत्तर यॉर्कशायरमधील नॉर्थअ‍ॅलर्टन गावाजवळ क्रॉस्बी ग्रेंज येथे एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. जन्मवर्षाविषयी एकमत नाही. गणितातील गतीमुळे ते शाळेत पुढे आले. १७८१ मध्ये ते ३३ व्या पायदळ पलटणीत दाखल झाले व अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउन येथे युद्धकैदी झाले. सुटकेनंतर कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात त्यांनी सीमामोजणीचे काम केले आणि पुढे अनेक वर्षे तेथील लष्करी बराकींची व्यवस्था पाहिली. काळी काच न वापरता सूर्यग्रहण पाहिल्याने त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली, असे सांगितले जाते. दुर्बिणीतून कोन मोजण्यातच ज्यांचे उर्वरित आयुष्य गेले, त्यांच्या बाबतीत ही हकिकत लक्षणीय ठरते.

== भारतात आगमन ==
आर्थर वेलस्ली यांच्या आधिपत्याखाली ३३ वी पलटण भारतात आली. तिच्याबरोबर लॅम्बटनही आले. तेव्हा त्यांचे वय चाळिशीपलीकडे गेले होते. १७९९ च्या म्हैसूर युद्धात ते जनरल बेअर्ड यांच्या हाताखाली होते. एका रात्रीच्या कूचात तुकडी दिशा चुकून टिपू सुलतानाच्या छावणीकडे निघाल्याचे त्यांनी ताऱ्यांवरून ओळखले आणि संकट टळले. युद्धानंतर नव्याने हाती आलेल्या म्हैसूरच्या प्रदेशात त्रिकोणमितीय मोजणी करून ती द्वीपकल्पाच्या दोन्ही किनाऱ्यांपर्यंत नेण्याची योजना त्यांनी मांडली. या योजनेचा हेतू केवळ नकाशे तयार करण्याचा नव्हता. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे, हा त्या काळच्या विज्ञानापुढील प्रश्न विषुववृत्तानजीकच्या मोजणीने सुटेल, असे त्यांना वाटत होते. वेलस्ली यांच्या पाठिंब्यामुळे योजनेला मद्रास सरकारची मंजुरी मिळाली.

== उपकरणे व पायारेषा ==
या पद्धतीत प्रथम जमिनीवरील एक रेषा अतिशय काटेकोरपणे मोजली जाते. तिला पायारेषा म्हणतात. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या एका उंच ठिकाणाचे कोन घेतले की त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात, आणि त्यांतील प्रत्येक बाजू पुढील त्रिकोणाचा पाया होते. म्हणून मोजणीदारांना एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर चढत जावे लागे.

लॅम्बटन यांना मिळालेली पोलादी साखळी इंग्लंडच्या वकिलातीने चीनच्या सम्राटासाठी नेलेल्या भेटवस्तूंपैकी होती. तिकडे ती नाकारली गेल्यावर ती कलकत्त्यात विकत मिळाली. विल्यम केरी यांनी बनवलेला सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. मात्र उपकरणाचे शास्त्रीय मोल जाणून तेथील फ्रेंच गव्हर्नरांनी ते मद्रासला पाठवून दिले. १० एप्रिल १८०२ रोजी सेंट थॉमस माउंटजवळ साडेसात मैलांच्या पायारेषेचे काम सुरू झाले. शंभर फुटांची साखळी उन्हाने लांबू नये म्हणून ती लाकडी पेट्यांत, तंबूंच्या सावलीत ठेवून सुमारे चारशे वेळा मांडावी लागली.

== महाकंस ==
मद्रासपासून मंगळूरपर्यंतच्या त्रिकोणमालिकेने द्वीपकल्पाची रुंदी पूर्वीच्या नकाशांपेक्षा तब्बल चाळीस मैलांनी कमी असल्याचे दाखवले. तरीही खर्चावर टीका होतच राहिली. श्रीरंगपट्टणला जायचे तर पालखीच्या भोयांना सांगितले की पुरे, त्यासाठी लॅम्बटन यांचा नकाशा कशाला हवा, अशा आशयाचा शेरा मद्रासच्या एका अधिकाऱ्याने मारला होता.

लॅम्बटन यांचे मुख्य लक्ष मात्र कन्याकुमारीपासून उत्तरेकडे जाणाऱ्या रेषेवर होते. हीच पुढे 'महाकंस' म्हणून प्रसिद्ध झाली. तमिळ प्रदेशाच्या सपाट भागात टेकड्या नसल्याने मंदिरांची गोपुरे व शिखरे वापरावी लागली. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या मंदिरावर थिओडोलाइट चढवताना दोर तुटून तो भिंतीवर आदळला आणि त्याचे वर्तुळ वाकले. दुसरे उपकरण मागवण्यात वर्षे गेली असती. लॅम्बटन यांनी तंबूत बसून सुमारे सहा आठवड्यांत ते स्वतः दुरुस्त केले.

१८१५ मध्ये त्यांनी बीदर परिसरात दामरगिड्डा येथे नवी पायारेषा मोजली. तेथून रेषा निजामाच्या मुलखातून वऱ्हाडातील टाकरखेड्याकडे गेली. या दोन ठाण्यांना जोडणारी रेषा सध्याच्या नांदेड जिल्ह्यातील बिलोली-धर्माबाद परिसरातून गोदावरी ओलांडते. नदीखोऱ्यांतील दाट झाडी व पावसाळी हिवताप यांनी या टप्प्यात पथकाची कठोर परीक्षा घेतली. १८१८ मध्ये हे काम कलकत्त्याच्या सरकारकडे जाऊन त्यास 'महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण' हे नाव मिळाले. त्याच वर्षी एव्हरेस्ट मुख्य सहायक म्हणून नेमले गेले. कृष्णा-गोदावरी दरम्यानच्या जंगलात तापाने आजारी पडल्याने त्यांना प्रकृती सुधारण्यासाठी केप ऑफ गुड होपला जावे लागले. लॅम्बटन स्वतः तेव्हा साठीच्या पुढे होते आणि तरीही मैदानी कामावर होते. जोशुआ डी पेनिंग हे त्यांचे जुने सहायक मद्रासच्या सर्वेक्षण शाळेत तयार झाले होते. ज्यांच्या खांद्यांवरून उपकरणे टेकड्यांवर चढली, त्या हमालांची व खलाशांची नावे मात्र इतिहासात उरलेली नाहीत.

== मृत्यू ==
रॉयल सोसायटीने १८१७ मध्ये लॅम्बटन यांना सदस्यत्व दिले. फ्रेंच विज्ञान अकादमीनेही त्यांचा गौरव केला. भारतात त्यांच्या कार्याची दखल त्या मानाने उशिरा घेतली गेली. सर्वेक्षणाचा तळ हैदराबादहून नागपूरला हलवण्यासाठी ते निघाले तेव्हा त्यांना खोकल्याने ग्रासले होते. नागपूर गाठण्याआधीच, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाटच्या मुक्कामी त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन तेथेच करण्यात आले. तोपर्यंत सुमारे १,६५,००० चौरस मैलांचा प्रदेश त्यांच्या त्रिकोणांनी व्यापला होता.

== नंतरचा काळ ==
एव्हरेस्ट यांनी १८४१ पर्यंत महाकंस हिमालयाच्या पायथ्याशी नेला. या जाळ्याच्या आधारे पुढे हिमशिखरांचे कोन घेतले गेले. 'शिखर क्र. १५' ची उंची २९,००२ फूट ठरली. त्या गणितात राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता. तत्कालीन महासर्वेक्षक अँड्र्यू वॉ यांनी शिखरास आपल्या पूर्वसुरींचे, एव्हरेस्ट यांचे, नाव सुचवले. लॅम्बटन यांनी तंजावरात दुरुस्त केलेला थिओडोलाइट भारतीय सर्वेक्षण विभागाच्या डेहराडून येथील संग्रहात जतन केलेला आहे.