ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल, १८९२ – ३१ ऑगस्ट, १९७३) या मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांत कार्य केलेल्या भारतीय बालशिक्षणतज्ज्ञ होत्या. अडीच ते सहा वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण शहरी, सुस्थित घरांपुरते न राहता खेड्यापाड्यांत पोहोचावे, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. अंगणवाडी ही संकल्पना त्यांच्या कार्यातून पुढे आली.

प्रारंभिक जीवन

ताराबाईंचा जन्म मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्यांचा विवाह अमरावती येथील वकील मोडक यांच्याशी झाला. १९२१ मध्ये तो संपुष्टात आला. त्यानंतर त्यांनी राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात प्राचार्यपद सांभाळले.

भावनगर आणि गुजराती

गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. मारिया माँटेसरी यांची पद्धती भारतीय परिस्थितीला अनुरूप करून घेण्याचा तो प्रयत्न होता. ताराबाई या कार्यात सहभागी झाल्या. तेथील मुलांची भाषा गुजराती असल्याने मराठी मातृभाषा असलेल्या ताराबाईंनी गुजरातीतून अध्यापन व लेखन केले. लहान मूल घरच्या भाषेत विचार करते, म्हणून शिक्षिकेनेच त्या भाषेकडे जावयाचे, ही दिशा त्यांच्या पुढील कार्यातही टिकली.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या शिक्षणपत्रिका या मासिकाचे संपादन त्यांनी गिजुभाईंसमवेत गुजरातीत केले आणि पुढे त्याची मराठी आवृत्तीही चालविली. त्यामुळे बालशिक्षणाचा विचार दोन्ही भाषांतील पालकांना आपापल्या भाषेत वाचावयास मिळाला. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईतील दादर येथे शिशुविहार सुरू केले.

बोर्डी व कोसबाड

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ या तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. महागडी माँटेसरी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने अशा परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून साधने तयार करण्यात आली.

पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. तेथील आदिवासी मुलांच्या घरी वारली बोली होती, तर शाळेची भाषा प्रमाण मराठी. दारिद्र्य, घरकाम आणि गुरे राखणे यांमुळे मुले शाळेपर्यंत येत नव्हती. त्यावर शाळाच मुलांकडे नेण्याचा मार्ग ताराबाईंनी स्वीकारला. पाड्यावरील अंगणात भरणारी ती अंगणवाडी आणि गुराख्यांसाठी चराईच्या जागी भरणारी ती कुरणशाळा. अंगणात मुलाचे आप्त, त्याचे खेळ व त्याची बोली भोवतीच असल्याने शाळेत पाऊल टाकताना त्याला घर मागे सोडावे लागत नसे. विकासवाडी या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्या गेल्या. त्यामुळे धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींनाही शिकणे शक्य झाले.

सन्मान व प्रभाव

भारत सरकारने १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण पुरस्काराने सन्मानित केले. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर, १९७५ रोजी, देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द भारतभर पोहोचला.

घरची बोली आणि शाळेची भाषा यांतील अंतराचा प्रश्न कोसबाडपुरता मर्यादित नाही. खानदेशात एरंडोलसारख्या तालुक्यांत अनेक घरांत अहिराणी, तर सातपुड्याच्या पायथ्याशी भिली व पावरी बोलली जाते. शाळेत मात्र मुलाची गाठ प्रमाण मराठीशी पडते. अशा मुलांची पहिली शाळा त्यांच्या अंगणापासून सुरू व्हावी, हा ताराबाईंच्या कार्याचा गाभा तेथेही तितकाच लागू पडतो.