रॉबर्ट बेकवेल

रॉबर्ट बेकवेल (जन्म : डिशली, लेस्टरशायर, इंग्लंड, २३ मे, इ.स. १७२५, मृत्यू : १ ऑक्टोबर, इ.स. १७९५) हे पशुपैदाशीला शिस्तबद्ध रूप देणारे इंग्लिश शेतकरी होते. मेंढीच्या अंगावर किती व किती लवकर चरबी चढावी, हे जोड्यांच्या निवडीने बदलता येते, हे त्यांनी आनुवंशिकताशास्त्राच्या उदयापूर्वीच दाखवून दिले.

जीवन

तरुणपणी बेकवेल यांनी प्रवास करून ठिकठिकाणच्या शेतीपद्धती पाहिल्या. वडिलांनंतर डिशली येथील सुमारे ४४० एकरांची खंडाची शेती त्यांच्याकडे आली. पाटाचे पाणी खेळवून त्यांनी तेथील कुरणे समृद्ध केली. ते अविवाहित होते.

कार्य

त्या काळी नर व माद्या एकत्र चरत असल्याने पैदास योगायोगावर अवलंबून असे. बेकवेल यांनी नर वेगळे ठेवले आणि हवे ते गुण असलेल्या, बहुधा जवळच्या नात्यातील जनावरांचाच संयोग घडवला. पिढ्यांची तुलना करण्यासाठी ते सांगाडे व खारवलेले मांस जपून ठेवीत. यातून बारीक हाडांची, भरदार धडाची आणि लवकर लठ्ठ होणारी 'न्यू लेस्टर' मेंढी तयार झाली. कष्टकऱ्यांच्या आहारात चरबीदार मांसाला, तर मेणबत्त्यांसाठी चरबीला तेव्हा मोठी मागणी होती. बेकवेल आपले मेंढे हंगामापुरते भाड्याने देत. इ.स. १७८३ मध्ये डिशली सोसायटी स्थापन झाली.

मर्यादा

एका गुणावर भर दिल्याने इतर गुण मागे पडले. मांस फार चरबीदार, लोकर दुय्यम आणि कोकरे कमी, अशी टीका या जातीवर झाली. पुढे लोकांची आवड बदलली व कमी चरबीच्या मांसाला पसंती मिळू लागली. तरीही बॉर्डर लेस्टरसारख्या जातींतून तिचा वंश टिकून राहिला.

वारसा

चार्ल्स डार्विन यांनी कृत्रिम निवडीचे उदाहरण म्हणून बेकवेल यांच्या कार्याचा उल्लेख केला. बेकवेल यांना ज्याचे केवळ परिणाम दिसत होते, ती यंत्रणा आता जनुकांच्या पातळीवर उलगडत आहे. टेक्सेल मेंढीत मायोस्टॅटिन जनुकातील एका बदलामुळे स्नायू वाढतात व चरबी घटते, असे आढळले आहे.

महाराष्ट्रात धनगर समाज पाळत आलेली दख्खनी मेंढी कोरड्या माळरानावर तग धरते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील, जुळ्यांचे प्रमाण वाढवणारे जनुक दख्खनी मेंढीत आणले. मात्र वाढलेली कोकरे जगवण्यासाठी चारा व निगाही तितकीच लागते. एक गुण वाढवताना बाकीच्यांचे काय होते, हा डिशलीतील प्रश्न आजच्या पैदासकारांपुढेही कायम आहे.