मुद्दा आणि त्याचा आधार : नामदार गोखले यांच्या जीवनातून



चारचौघांत उठून बोलायची वेळ आपल्यापैकी अनेकांवर येते. ग्रामसभा असते, शाळेतील पालकांची सभा असते, बचतगटाची बैठक असते. मनात दहा तक्रारी असतात. त्या आपण एका दमात बोलून टाकतो आणि कुणी पुरावा विचारला की खाली बसतो. आम्हां धर्मगुरूंचेही प्रवचनात कधी कधी असेच होते, हे कबूल केले पाहिजे. म्हणून आज आपण नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या जीवनाकडे पाहू या.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील लवकर वारले. थोरल्या भावाने स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली आणि गोपाळला शिकवले. १८८४ साली ते बी. ए. झाले. पुढे पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी शिकवले. अंकगणितावर त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक पुष्कळ वर्षे शाळांतून चालत होते. न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे गुरू. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे पडताळायचे आणि मगच लिहायचे, ही शिस्त त्यांना रानड्यांनी लावली.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले. वय अवघे तीस. पण प्रत्येक मुद्द्यामागे आकडा होता, म्हणून उलटतपासणीतही ते डगमगले नाहीत.

त्याच मुक्कामात त्यांच्या हातून एक चूक झाली. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती आणि घरोघरी तपासणी करणाऱ्या सोरजिरांच्या वागण्याने लोक त्रासले होते. तिकडून आलेल्या पत्रांच्या भरवशावर गोखल्यांनी दोन स्त्रियांवर सोजिरांनी अत्याचार केल्याचा आरोप इंग्लंडात जाहीरपणे केला. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगितली तर ती माणसे संकटात आली असती, म्हणून गोखल्यांनी नावे दिली नाहीत. आणि नावांवाचून आरोप सिद्ध होईना. शेवटी त्यांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनीच त्यांना भित्रा म्हटले. लोकांचे हाल खरे होते, पण त्यातली जी गोष्ट ते बोलले तिला आधार दाखवता आला नाही. माणूस तोच, तेच काही महिने. एका ठिकाणी ते उभे राहिले, दुसऱ्या ठिकाणी पडले.

हा घाव मनात ठेवून ते पुन्हा अभ्यासाला लागले. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याला लॉर्ड कर्झन यांच्यापुढे त्यांनी अंदाजपत्रकावर भाषण केले. तयारीसाठी गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षक मित्राची मदत घेतली. सरकारी तिजोरीत त्या वर्षी मोठी शिल्लक होती आणि सरकार ती भरभराटीची खूण मानत होते. गोखल्यांचा मुख्य मुद्दा एकच होता : ही शिल्लक लोकांच्या सुखाची खूण नाही.

त्याला त्यांनी एकाखाली एक टेकू दिले. पहिला असा : रुपयाचा भाव पडला तेव्हा इंग्लंडला पैसे पाठवणे महाग झाले, म्हणून कर वाढवले गेले. पुढे भाव सुधारला, सरकारचा खर्च वाचला, पण वाढवलेले कर तसेच राहिले. शिल्लक उरली ती त्यातून. दुसरा असा : लोक खरेच सुखी असते, तर मिठाचा खप वाढला असता आणि मृत्यूचे प्रमाण घटले असते. सरकारच्याच अहवालांतून त्यांनी उलट चित्र दाखवले. ऐकणाऱ्यांना छप्पनचा दुष्काळ आठवत होता. १८९९-१९०० च्या त्या दुष्काळाने आपले खानदेशही होरपळले होते. एवढे झाल्यावरच त्यांनी मागण्या मांडल्या, त्याही मोजक्या. १९०३ साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजार रुपये झाली. या दोन्ही गोष्टी त्यांनी मागितल्या होत्या.

प्रत्येक भाषणाला असे यश आले नाही. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. बडोदे संस्थानात हे घडले आहे, हा जिवंत दाखला त्यांनी दिला. तरी १९१२ साली ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले, तेव्हा वय ४८ होते. पण आधार पक्का असलेला मुद्दा मतदानात हरला म्हणून मरत नाही. २००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

पुढच्या सभेला जाण्याआधी आपण एक कागद घेऊ या. वर मुख्य मुद्दा एका वाक्यात लिहू. त्याखाली दोन-तीनच कारणे, आणि प्रत्येक कारणापुढे त्याचा आधार : स्वतः पाहिलेली गोष्ट, तारीख, आकडा किंवा नाव सांगायला तयार असलेला साक्षीदार. ज्याच्यापुढे जागा रिकामी राहील, ते कारण त्या दिवशी बोलू नये, आधी शोधावे. आपले दुःख खरे असते, म्हणूनच ते कच्च्या आधारावर मांडून वाया घालवू नये. आम्हीही प्रवचनाच्या तयारीत हाच कागद वापरण्याचा प्रयत्न करू.

आपले धर्मगुरू